गियरवरचा हात

मखमलाबादच्या भागुबाईला लोक पन्नाशीत ‘नवरी’ म्हणायला लागले. खरीखुरी नवरी होती तेव्हा तिला कुणी फार मिरवू दिलं नव्हतं. अंगावरची हळद उतरायच्या आत ती विळा घेऊन बांधावर गवत कापत होती. आणि आता, निम्मे केस पांढरे झाल्यावर, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेले रिकामटेकडे तिला बघून म्हणायचे, “आली रे, नवरी आली!”

कारण होती ती गाडी. लाल, बुटकी, वरून उघडी, दोनच सीटची. उजवीकडं नवरा भिमाजी, डावीकडं भागुबाई, मधे गियरचा आखूड दांडा. दांड्यावर भागुबाईचा हात आणि तिच्या हातावर भिमाजीचा हात. उघड्या गाडीत झाकणार तरी काय? गावानं पाहिलं, नाशिकच्या फुलबाजारानं पाहिलं, आणि पाहिलं त्याचा अर्थ सगळ्यांनी सारखाच लावला. साफ चुकीचा लावला. पण लोकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना खरं कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी घरात आली अठ्ठ्याण्णव साली. भिमाजीचं अडीच एकर रान, त्यात गुलाब, शेवंती आणि झेंडू. रानाला लागून मुंबईच्या एका साहेबाचा बंगला होता. साहेब वर्षातून चारदा यायचा, बाकीचे दिवस बंगल्यावर लक्ष ठेवायचा भिमाजी. साहेब कायमचा परदेशी निघाला तेव्हा शेडमधली ही गाडी कोण घेणार म्हणून प्रश्न पडला. भिमाजीनं त्या हंगामाचा सगळा गुलाब तिच्यात घातला आणि गाडी दारात आणून लावली. गावानं तोंडात बोट घातलं. जाऊ लंकाबाई म्हणाली, “नाकापेक्षा मोती जड. हिच्यात शेणखत भरणार का भावजी?”

भिमाजीनं शेणखत नाही भरलं, फुलं भरली. डावी सीट चार बोल्ट सोडवून काढून टाकली आणि तिथं गुलाबाच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून रचल्या. बंद टेंपोत गुलाबाला घाम सुटतो, पाकळ्या काळ्या पडतात. उघड्या गाडीत वारा लागून फूल ताजं राहायचं, आणि फुलबाजारात त्याच्या गुलाबाला आधी गिऱ्हाईक लागायचं. म्हणजे हसणाऱ्यांचे दात त्यांच्याच घशात गेले.

पण खरी गोष्ट अशी की वारा आणि गुलाब हे निमित्त. भिमाजीला ती गाडी चालवायचंच वेड लागलं होतं. ट्रॅक्टर त्यानं उभी हयात चालवला होता, पण ट्रॅक्टरला गियर टाकायचा म्हणजे खुंटा उपटल्यासारखं काम. इथं दांडा मुठीत मावायचा. क्लच दाबला, मनगट जरा वळवलं की खट्कन गियर पडायचा आणि गाडी अंगाखालून पुढं सरकायची. जेवताना सुद्धा तो भागुबाईला सांगत बसायचा, “पेठ नाक्याच्या वळणाला आज तिसऱ्यावरच काढली. दुसरा घ्यावाच लागला नाय.” ती हूं म्हणायची. तीन वर्षं ती गाडी दारात होती, आणि तिच्यात भागुबाई एकदाही बसली नव्हती. बसणार कुठं? तिची जागा गुलाबाची होती. तिला त्याचं वाईट वाटत होतं का? वाटत होतं, पण मनातलं त्या घरात कुणीच बोलून दाखवत नसे. भिमाजी गावाला टोपणनावं ठेवण्यात पटाईत, चारचौघांत जीभ पट्ट्यासारखी चालायची, आणि घरात आला की तोंडाला कुलूप.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करताना हँडल उलटं फिरलं. त्याचा तडाखा भिमाजीच्या डाव्या दंडावर बसला. हाड मोडलं, ते प्लास्टरमध्ये जुळलंही. पण प्लास्टर काढलं तेव्हा हात मनगटातून खाली लोंबत होता. बोटं वळायची नाहीत, मनगट उचलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, “शीर दुखावलीय. जागी झाली तर वर्षा-दीड वर्षात होईल, नाही झाली तर नाही.”

गावाला हाड मोडल्याचं माहीत होतं, आणि प्लास्टर निघालं म्हणजे हात बरा झाला असंच गावानं धरलं. भिमाजीनं ते तसंच धरू दिलं. हात खिशात घालून फिरायचा. दारी आलेल्याशी बोलताना खांद्यावरचा टॉवेल हातावर ओढून घ्यायचा. त्याला कारण होतं. गावात सावळीराम नावाचा माणूस होता, लहानपणीच्या तापात त्याचा हात वाळलेला. तीस वर्षांपूर्वी भरल्या लग्नात भिमाजीनं त्याला ‘लुळा’ म्हटलं, लोक हसले, आणि त्या दिवसापासून सावळीरामचं नाव गेलं ते गेलंच. त्याच्या नातवंडांना लुळ्याची नातवंडं म्हणत. नाव चिकटलं की काय होतं हे ठेवणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! भिमाजी त्या भीतीनं अर्धा झाला.

गाडी दोन महिने उभी राहिली. फुलं दुसऱ्याच्या टेंपोतून जाऊ लागली. भिमाजी रात्री जेवायचा, पहाटे उठून गाडीत जाऊन बसायचा आणि नुसता क्लच दाबून सोडायचा. भागुबाई ओसरीतून बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही. तिनं गोठ्यातल्या माळ्यावर टाकलेली ती डावी सीट खाली काढली, फडक्यानं पुसली आणि गड्याकडून बोल्ट आवळून घेतले.

“हे काय करती?” भिमाजी म्हणाला.

“तुम्ही चाक धरा, क्लच दाबा. दांडा मी ओढते.”

“येडी झाली का? गियर काय चुलीतलं लाकूड हाय पुढं-मागं सारायला?”

“पाभरीमागं चाड्यावर मूठ धरत होते ना वीस वर्षं? तुमचे बैल कधी थांबणार नि कधी वळणार, तुम्ही कधी सांगितलं होतं मला?”

ते मात्र खरं होतं. त्यांची पेरणी गावात वाखाणलेली. पुढं भिमाजी बैल हाकायचा, मागं भागुबाई चाड्यात मुठीमुठीनं बी सोडायची. बैलाची चाल मंदावली की तिची मूठ आपोआप आवळायची. कुठं दाट नाही, कुठं खांडा नाही. तीच तालीम इथं कामी आली. रानातल्या वाटेवर, कुणी बघायला नसताना, पहिला दिवस कुरकुर, खडखड आणि भिमाजीचा आरडाओरडा यात गेला. दुसऱ्या दिवशी तिनं इंजिनाचा आवाज ऐकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्याचा डावा पाय हलला की तिचा हात हलत होता, आणि तोंडानं बोलायचं काम उरलं नव्हतं.

फुलबाजारात निघायच्या आदल्या संध्याकाळी भिमाजीनं तिला गाडीजवळ बोलावलं. “माझा हात तुझ्या हातावर ठेवीन. लोकांना वाटलं पाहिजे, मीच टाकतो. आणि कुणाला सांगायचं नाय. पोरीला, दिशाला सुद्धा. तुला माझ्या गळ्याची आण.”

आण घातली की ती ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते. त्यानं ‘सुटली’ म्हणावं लागतं, त्याशिवाय मोडली तर ज्याच्या गळ्याची त्याच्यावर बेतते. शिकल्या-सवरलेल्यांना हे हसू येण्यासारखं आहे, पण भागुबाईच्या कपाळावर कुंकू होतं आणि तिला ते ठेवायचं होतं. ती बरं म्हणाली.

नऊवारीत त्या बुटक्या गाडीत बसणं म्हणजे कसरतच. आधी पाठमोरं व्हायचं, मग खाली टेकायचं, मग पाय एकेक करून आत घ्यायचे. गुलाबाच्या जुड्या तिच्या पायाशी आणि मागच्या डिकीत. पहाटे साडेपाचला मखमलाबादहून निघाले, पंचवटीतून उतरले, फुलबाजारात शिरले. तिच्या हातावर त्याचा हात पडलेला, निर्जीव, गार, ओल्या फडक्यासारखा. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, गर्दीत पहिला. भिमाजीचं तोंड उजळलं होतं. भागुबाईला त्या सकाळी रडू आलं ते आनंदानं, हे तिनं स्वतः पुढं सांगितलं आहे.

आणि त्याच सकाळी लोकांनी पाहिलं.

खेड्यातली गोष्ट आहे ही. तिथं नवरा पुढं चालतो नि बायको दहा पावलं मागं. देवळात सुद्धा जोडीनं उभं राहायचं ते सत्यनारायणाच्या दिवशी. तिथं हे दोघं भर बाजारात हातात हात घालून! हार ओवणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावला. एक जण म्हणाली, “मावशी, हनिमून का?” भागुबाईला शब्द कळला नाही, हसणं कळलं. गावात तर ऊतच आला. लंकाबाई पाणवठ्यावर सांगायची, “आमच्या जाऊबाईंना उतारवयात चळ लागलाय. नवऱ्याचा हात सुटत नाही.” सप्त्याच्या पंगतीत तिच्याजवळ बसायला नको म्हणून बायकांनी तिच्या शेजारचं पान मुद्दाम मोकळं ठेवलं. भिमाजीला कुणी काही म्हणत नव्हतं, उलट पाठीवर थाप मारत होते, ‘म्हातारा रंगेल निघाला’ म्हणत होते. बाईची तेवढी अब्रू, पुरुषाची ती हौस! तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणं म्हणजे काय ते भागुबाईला विचारावं. एक वाक्य बोलली असती तर गावाची तोंडं शिवली गेली असती. ती बोलली नाही.

ती रोज रात्री त्याच्या हाताला कोमट तेल लावून अर्धा अर्धा तास चोळायची. सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची. पावसाळा गेला, दिवाळी झाली, हिवाळा आला. संक्रांतीच्या सुमाराला एका रात्री त्यानं हात मागं घेतला. “पुरे आता. काय फरक पडत नाय. उगा तेल नासू नको.” भागुबाईला वाटलं, यानं आशा सोडली. ती आत जाऊन देवापुढं बसली आणि तिनं देवाला शिव्या घातल्या.

त्याच उन्हाळ्यात दिशाची सोयरीक आली. दिशा एकुलती, लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. मालेगावला मामाकडं राहून डी.एड. झाली होती, घरी यायची ती सुट्टीपुरती. बापाला ती नाना म्हणायची; नानांचा हात तिनं खिशातच पाहिलेला, आणि गाडीचं हसू तिनं मैत्रिणींच्या तोंडून ऐकलेलं. मुलगा दिंडोरीचा, तोही शिक्षक. दोघं एका शिबिरात भेटले होते आणि एकमेकांना आवडले होते. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, मुलाच्या बापानं “आमच्याकडून हो समजा” म्हणून टोपी नीट केली. दिशा त्या दिवशी घरभर गुणगुणत होती.

आठ दिवसांनी मुलाची आई फुलबाजारात आली होती, घरच्या पूजेची फुलं घ्यायला. तिनं गाडी पाहिली. गाडीतले हात पाहिले. दोन बायकांना विचारलं, त्यांनी मीठमसाला लावून सांगितलं. मध्यस्थ तोंड पाडून आला. “त्या म्हणतात, खाण तशी माती. आईचे हे थेर, तर लेक काय दिवे लावणार? आम्ही मास्तरकीचं घर, आम्हाला नाव जपायचंय.”

त्या रात्री दिशा आईसमोर उभी राहिली. “आई, लोक बोलतात ते खरं आहे का? का करतेस असं? नाना ओढतात तुझा हात, की तुझी तूच ठेवतेस?”

भागुबाई म्हणाली, “माझी मीच ठेवते.” दुसरं काय म्हणणार? नवऱ्यावर टाकलं तर पोरगी त्याला विचारणार, आणि सगळं उघडं पडणार.

“तुझ्या हौसेपायी माझं वाटोळं झालं,” दिशा म्हणाली आणि आत गेली.

मग भागुबाई भिमाजीच्या अंथरुणापाशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या पायाला हात लावून काही मागितलं. “सुटली म्हणा. एकदाच म्हणा. मी दिंडोरीला जाते, त्या बाईच्या पदराला हात लावते, सांगते हात लुळा हाय म्हणून. पोरीचं सोनं होईल.”

भिमाजीनं भिंतीकडं तोंड केलं. “बघू उद्या,” तो म्हणाला. उद्या तो बोलला नाही, परवाही नाही. महिनाभरात दिंडोरीच्या मुलाचं दुसरीकडं जमलं.

दिशाला पुढं दोन वर्षं स्थळंच आली नाहीत. बोलवा आधी पोचायचा, स्थळ मागं फिरायचं. शेवटी विंचूरला दिली, ज्ञानेश नावाच्या बिजवराला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पदरात चार वर्षांचा मुलगा. कांदा मार्केटात कारकून. माणूस वाईट नव्हता, उलट भलाच म्हणायला हवा. पण दिशाच्या मनातला तो नव्हता, आणि सासरी जाताना ती आईच्या गळ्यात पडली नाही. दिवाळीला आली नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवला तो नानांच्या नावानं. भागुबाई रोज पहाटे गाडीत बसायची, हात दांड्यावर ठेवायची आणि त्याच्यावर तो गार हात यायचा. आपल्या लेकीपेक्षा आपण कुंकू मोठं केलं, असं तिला वाटायचं, आणि मग वाटायचं, नाही केलं असतं तर?

दोन हजार पाचच्या दसऱ्याआधीचा दिवस. झेंडूची तोडणी चाललेली. भागुबाई झेंडूच्या दाटीत वाकली होती, बांधावरून दिसण्यासारखी नव्हती. गोठ्यातली म्हैस दावं तोडून सुटली आणि थेट रस्त्याच्या दिशेनं धावली. भिमाजी आडवा गेला. त्यानं लोंबतं दावं धरलं. डाव्या हातानं धरलं. मनगटाभोवती दोन वेढे दिले, टाच रोवली आणि पाचशे किलोचं जनावर जागच्या जागी थांबवलं. मग उजव्या हातात दावं घेतलं, इकडं तिकडं पाहिलं, कुणी नाही असं वाटलं. आणि मग त्यानं डावा हात पुन्हा लोंबता सोडला.

म्हैस धरताना पाहिलं तेव्हा भागुबाईच्या मनात आलं, देव पावला. पण तो हात त्यानं पुन्हा लोंबता सोडलेलाही तिनं पाहिला. ती तिथंच झेंडूत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दसऱ्याची, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या बाजाराची पहाट, गाडी झेंडूनं काठोकाठ भरली होती. भिमाजी चाकावर बसला. भागुबाई आली नाही. त्यानं हाक मारली, “आटप की.” ती चुलीपाशी बसून राहिली. साडेपाच वाजले, सहा वाजले. रस्त्यानं सगळ्या गावाच्या गाड्या बाजाराला निघून गेल्या. लंकाबाईचा नवरा टेंपोतून ओरडला, “काय भाऊ, नवरी रुसली का?” ऊन गाडीत आलं. गियर टाकून निघून जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण तो चाक धरून तसाच बसला, झेंडू कोमेजेपर्यंत.

नऊच्या सुमाराला भागुबाई बाहेर आली. गाडीच्या दाराशी उभी राहिली.

“मूठ आवळा,” ती म्हणाली.

त्याला कळलं. त्यानं डावा हात चाकावर आणला, मूठ आवळली, उघडली.

“कधीपासून?”

त्यानं सीटवर सांडलेला झेंडू उचलून मागं टाकला.

“मी विचारते कधीपासून! दिंडोरीच्या सोयरिकीच्या आधी का नंतर?”

एवढं एकच तिला हवं होतं. नंतर म्हणाला असता तर ती रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि आत येऊन बसली असती. खोटं बोलायला वाव होता. पण म्हातारा त्या वेळी खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं.

“आधी,” तो म्हणाला. “संक्रांतीला बोटं हलली. शिमग्याला मूठ वळली.”

“म्हणून तेल नको म्हणालात.”

“हां.”

“मी पाया पडले तेव्हा हात बरा होता.”

“होता.” त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “भागा, तुझा हात मी तीस वर्षांत कधी धरला होता का? लग्नात बामणानं दिला तेवढाच. हात लुळा झाला म्हणून तू शेजारी बसली. बरा झाला म्हणालो असतो तर तू उतरून गेली असती, पुन्हा गुलाबाच्या जुड्या नि मी. आज सांगू, उद्या सांगू करता करता पोरीचं मोडलं. मग सांगायला तोंडच राहिलं नाय. सुटली... सुटली म्हणतो आता. सुटली, बाई.”

भागुबाईला त्या वेळी जे वाटलं ते एका शब्दात बसणारं नाही. इतकी वर्षं या माणसानं आपल्याकडं धड पाहिलं नाही असं तिला वाटायचं, आणि त्यानं आपल्या हातासाठी गावाला फसवलं होतं. कुणाला सांगून मिरवावं असं होतं ते. आणि त्याच हातासाठी त्यानं लेक बळी दिली होती. ती म्हणाली, “एवढंच होतं तर तोंड नव्हतं दिलं का देवानं? ‘बस’ म्हणाला असतात तर बसले नसते का मी? वाट बघत होते की हो मी! गाडी आली त्या दिवसापासून वाट बघत होते!”

भिमाजी गाडीतून खाली उतरला.

“फुलं उतरवा,” ती म्हणाली. “नि विंचूरला जा. एकटे जा. दिशाच्या दारात उभे राहून सांगा, जसं मला सांगितलं तसं. मी नाही सांगणार. मी तुमची आण पाळली, आता तुमचं पाप तुम्ही निस्तरा.”

भर दसऱ्याला लाल गाडी गावातून गेली, डावी सीट रिकामी. भिमाजी आपल्या हातानं गियर टाकत गेला आणि गिरणीच्या ओट्यावर कुणी काही बोललं नाही. भागुबाई दारात उभी होती. पहिला, दुसरा, तिसरा, आवाज तिला सगळे ओळखीचे. कुठं चुकला नाही तो.

तिन्हीसांजेला परत आला. तोंड धुतलं, ओसरीवर बसला. “जेवू घातलं तिनं,” म्हणाला. “सगळं ऐकून घेतलं. जावई उठून बाहेर गेला. ती म्हणाली, आईला पाठवा. तुम्ही येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी भागुबाई एसटीनं निघणार होती. भिमाजी म्हणाला, “गावाच्या बाहेरपर्यंत तरी सोडू दे. आत येत नाय मी.” तिनं विचार केला आणि ती गाडीत बसली. पाठमोरी, मग पाय आत. दोन्ही हात मांडीवर. औरंगाबाद रोडनं निफाड गेलं, दीड तासात विंचूर आलं. वेशीबाहेर त्यानं गाडी लावली आणि तो तिथंच बसून राहिला.

दिशा दारातच उभी होती. आईला पाहिलं आणि तिच्या पायाशी बसली. “एका शब्दानं बोलली असतीस तर, आई.” “आण होती गं.” “माझ्यापेक्षा मोठी?” भागुबाईनं तिला उठवून जवळ घेतलं. दोघी रडल्या. मग सावत्र नातू शाळेतून आला, त्यानं विचारलं ही कोण, आणि दिशा म्हणाली, “ही तुझी आजी.” भागुबाई त्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवली.

ऊन कलल्यावर ती परत आली तेव्हा भिमाजी तसाच बसलेला, सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता तोंडात. तिनं दिशानं दिलेली चटणी-भाकरी त्याच्या हातात दिली. “तिनं दिलीय. तुमच्यासाठी म्हणून नाही, जास्तीची होती.” त्यानं ती डोक्याला लावून खाल्ली. मग चावी फिरवली, क्लच दाबला आणि दांड्यावरचा हात उचलून गुडघ्यावर ठेवला. तिच्याकडं पाहिलं नाही. नुसता थांबला.

इंजिन घुरघुरत राहिलं. पाय हलला की हात हलायचा ही चार वर्षांची सवय, तिचा हात मांडीवर वळवळला. तिनं दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.

“टाका की,” ती म्हणाली. “तुमचा तुम्ही टाका.”

त्यानं टाकला.

पुढं चार वर्षं, भिमाजी जाईपर्यंत, दोघं रोज पहाटे त्याच गाडीतून फुलबाजारात येत राहिले. तोवर भागुबाईनं गावात कुणालाच काही सांगितलं नाही. लोक म्हणायचे, म्हातारा-म्हातारीचं बिनसलंय, आता हात धरत नाहीत. लंकाबाई म्हणाली, बरं झालं, शुद्धीवर आली. आणि रोज गाडी चालू झाली की भिमाजी क्लच दाबून एक क्षण थांबायचा, हात गुडघ्यावर ठेवून. तिला ते कळायचं. तिनं शेजारी बसणं एक दिवससुद्धा सोडलं नाही, पण हात ठेवला नाही.